एक धागा काढू द्या म्हटलं तर… (हिमरूच्या शेरवानीचा माझा अनुभव)

हिमरूची, म्हणजे सूत-रेशमाच्या वेलबुट्टीदार कापडाची, शेरवानी शिवायची असेल तर दुकानात गेल्या गेल्या कापड उलटं करून मागा. उलटं करू देत नसतील, काठाचा एक धागा काढू देत नसतील, तर समोर कितीही तागे उलगडलेले असोत, उठा आणि बाहेर या. हे एवढं एक कुणी मला आधी सांगितलं असतं तर माझा अर्धा पावसाळा वाचला असता.

आमच्या परभणीच्या हौशी मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी मुक्तिसंग्रामावरचं नाटक बसवायला घेतलं. काळ १९४८ चा, पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या त्याच्या, आधीचा. त्यात एक अव्वल तालुकदार आहे, म्हणजे आजच्या हिशोबाने कलेक्टर. त्याला कचेरीच्या प्रवेशात काळी शेरवानी आणि मेजवानीच्या प्रवेशात हिमरूची. दोन्ही शिवायचं काम माझ्याकडे आलं. काळीचं काहीच अडलं नाही. कापड गावातच मिळालं आणि नमुना तर गल्लीतच होता. आमच्या शेजारच्या अण्णांचे वडील निजामाच्या कचेरीत पेशकार होते. त्यांची शेरवानी अण्णांनी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलीय. ती मी खिडकीपाशी नेऊन आतून-बाहेरून पाहिली. बाहेर काळं लोकरी कापड, आत सुती अस्तर. काखेत अस्तरावर आणखी एक सुती तुकडा हाताने टाचलेला, घामाने खराब झाला की उसवायचा आणि नवा लावायचा. काजं सगळी हातची, रेशमी दोऱ्याची. बटणं शिवलेलीच नाहीत. बारीक भोकातून आत घालून मागून कडी अडकवायची, म्हणजे कोट धुवायला जाताना काढून ठेवता येतात. बाजूच्या शिवणीत माया चांगली दोन बोटं सोडलेली. माणूस सुटला तर कोटही सुटावा, एवढा विचार त्या शिंप्याने केला होता.

अडलं ते हिमरूपाशी.

मी छत्रपती संभाजीनगरला गेले. हिमरू तिथलंच. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर सोबत आले असं सांगतात. किनखाब म्हणजे रेशीम आणि सोन्या-चांदीची जर, ते परवडणारं नव्हतं. म्हणून सूत आणि रेशीम मिळून तशाच वेलबुट्ट्यांचं हे कापड झालं. आता अडचण अशी की, दुकानात हिमरू म्हणून मिळतात त्या शाली, स्टोल, चादरी. शालीला बाजूंनी काठ. त्यातून बाही निघत नाही, घेर तर नाहीच. शेरवानीला तागा लागतो, एकसारख्या बुट्ट्यांचा, सलग.

एका मोठ्या दुकानात तागा निघाला. मरून रंग, त्यावर कोयऱ्यांचं जाळं, दिव्याखाली नुसता चकाकत होता. मी विचारलं, "हातमागाचं का?" "ताई, हिमरूच आहे. प्युअर." मी टोक उलटं करायला हात घातला, तर त्यांनी घडी पुन्हा मिटली. काठाचा एक धागा मागितला. "धागा ओढला की कापड जातं." अहो, काठातला सुटा धागा, अर्ध्या बोटाचा! साडेतीन-चार मीटरच्या कापडाला त्याने काय होणार होतं? मग म्हणाले, आधी इसार द्या, नमुना कारागिराकडून कुरियर करतो. मी इसार दिला नाही. जे कापड मला उलटं करून बघता येत नाही त्यावर मंडळाचे पैसे लावायचे नाहीत, हे मी तिथेच ठरवलं, आणि आजही त्याचं मला समाधान आहे.

पण नमुन्यासाठी वाट पाहिली, कारण दुसरा तागा कुठे दिसला नव्हता. फोन केला की "उद्या निघतो". मग "कारागीर गावाला गेलाय". मग "पाऊस लागून राहिलाय, कुरियर बंद". इकडे दिग्दर्शक रोज विचारणार, ताई कोट कुठवर आला? बाकी सगळ्यांचे कपडे बसवून झाले, तालुकदाराचा नट अजून टी-शर्टवर तालीम करतोय. शेरवानी घातल्यावर माणसाची मान आणि पाठ आपोआप ताठ होते, ते त्याला सवयीचं व्हायला हवं होतं. तो वेळ त्या दुकानाने खाल्ला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी एक टीचभर तुकडा आला. मी त्यातला एक उभा आणि एक आडवा धागा वेगळा काढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि भुरी राख पडते. रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास, आणि काळी राख बोटात चुरगळते. माझे दोन्ही धागे वितळले आणि टोकाला कडक काळी गोळी झाली. संपूर्ण पॉलिएस्टर! रंगमंचावरून कुणाला कळतंय, असं मला मंडळातले दोघं-तिघं म्हणाले. कळतं. पॉलिएस्टरवर स्पॉट पडला की ते पांढरं चमकतं, बुट्टा दिसतच नाही. रेशमाची चमक माणूस हलला की सरकते. आणि आत नट नुसता शिजतो, ते वेगळंच.

मग मी मोठी दुकानं सोडली आणि नवाबपुरा, जाफर गेट या बाजूला विचारत फिरले. हाताने विणणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी. एका घरात एक वयस्कर चाचा मागावर होते, वर जॅकार्डचे, म्हणजे नक्षीसाठी भोकं पाडलेले, पत्ते खडखडत होते. मी बिचकत धागा मागितला. त्यांनी स्वतःच काठातून काढला, काडीपेटी पुढे केली. "जला के देखो बेटा, उसमें क्या है." उभा सुताचा निघाला, आडवा रेशमाचा. कापड उलटं केलं तर बुट्ट्यांचे धागे मागे लांब सुटलेले, बोट घातलं तर अडकेल असे. काठाला बारीक टोचे, मागावर पन्हा ताणून धरतात त्याचे. या दोन्ही खुणा लक्षात ठेवा, पण खात्री काडीनेच करा, कारण मशीनच्या कापडालाही मागे सुटे धागे असू शकतात.

त्यांच्याकडे कुणाच्या तरी शेरवानीतून उरलेला तुकडा होता. नवं विणायला वेळ नव्हता, म्हणून तोच घेतला. पन्हा कमी, कापड अपुरं. बटणपट्टीखालचा पदर, समोरचं आतलं अंग आणि कॉलरची आतली बाजू मी त्याच रंगाच्या सुती सॅटिनची केली. बाहेरून काही कळत नाही.

कापताना दोन्ही पुढच्या भागांचे बुट्टे मधोमध जुळतात का ते आधी पसरून बघा, मगच कात्री लावा. कापलेली कड लगेच हाताने बांधा, हिमरू बघता बघता सुटतं. फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने आतून चिकटवायचं कापड, लावू नका. त्याचा गोंद मागच्या सुट्या धाग्यांना चिकटतो, कापडाला नाही, आणि छातीवर फुगे येतात. सुती कॅनव्हास घ्या, तो आणि अस्तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. हिमरूला मात्र पाणी दाखवू नका. अस्तर बाह्यांनाही पूर्ण हवं, नाहीतर आत हात घालताना नटाची अंगठी धाग्यात अडकते. अण्णांच्या शेरवानीसारखा काखेतला तुकडा मीही लावला, दर प्रयोगाला बदलायला दोन जोड्या जास्तीच्या शिवून दिल्या.

आणि हो, बटणं शेवटावर ठेवू नका. आमच्याकडे सोनेरी प्लास्टिकचीच मिळतात. कडीची बटणं मी भाच्याकडून हैदराबादहून मागवली, चारमिनारच्या आसपास शेरवानीवाल्यांची दुकानं आहेत. बटण हातात आल्याशिवाय भोक पाडू नका, कारण कडीच्या बटणाची दांडी कमी-जास्त जाड असते, आणि हिमरूला एकदा मोठं पडलेलं भोक लहान करता येत नाही.