ग्लासातला पांढरा धागा

मे महिन्यात चौथ्या ओळीतल्या एका चेरी टोमॅटोनं भर दुपारी मान टाकली. आबा म्हणाले, "ऊन लागलंय, दुसरं काय!" संध्याकाळी झाड परत ताठ. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र ते उठलंच नाही आणि शेजारची दोन झाडंही बसली.

मला खटकला तो पानांचा हिरवेपणा. फ्युजॅरियम या बुरशीची मर (झाड कोमेजून मरण्याचा रोग) असती तर खालची पानं आधी पिवळी पडली असती. इथं हिरवंगार झाड गरम पाण्यातून काढलेल्या मेथीसारखं लोंबत होतं. बुडाजवळ खोड कापलं तर आत तपकिरी कडं. घरातून चहाचा काचेचा ग्लास आणला, त्यात स्वच्छ पाणी घेतलं आणि खोडाचा बोटभर तुकडा वरून धरून कापलेलं टोक तेवढं बुडवलं. थोडा वेळ काहीच नाही. मग कापातून दुधाची बारीक धार सुटावी तसा पांढरा धागा सरळ खाली उतरू लागला. माझा हात हलला की तुटायचा, परत सुरू व्हायचा. जिवाणूजन्य मर, म्हणजे राल्स्टोनिया. झाडाच्या जलवाहिन्या या जिवाणूंनी आणि त्यांच्या चिकट स्रावानं चोंदतात. मग मुळाशी ठिबक कितीही चालू ठेवा, पाणी वर चढत नाही.

मातीतली मर नको म्हणून तर मी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, ग्रोबॅगकडे वळलो होतो. नारायणगावजवळ १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस, अडीच हजार झाडं, बॅगांतून झिरपलेलं खतपाणी, म्हणजे निचरा, गोळा करून पुन्हा टाकीत. "थेंब वाया जात नाही," असं आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचो. पण एका झाडाच्या मुळातून सुटलेले जिवाणू त्याच पाण्यानं सगळ्या ओळींना वाटले जातात, हे तेव्हा नीट लक्षातच घेतलं नव्हतं. एप्रिलमध्ये बोअर आटला आणि टँकर घेतले. ते पाणी कुठल्या विहिरीचं, हे मी विचारलं नाही. माझा संशय तिथंच आहे. त्यात काळी टाकी उन्हात, थर्मामीटर टाकला तर पाणी ३२ अंश. या जिवाणूला एवढी ऊब मानवतेच.

एका दुकानदारानं स्ट्रेप्टोमायसिनची पुडी पुढं केली. माणसांचं औषध तोडा चालू असलेल्या पिकाला द्यायचं मनाला पटलं नाही, आणि जलवाहिनीत घर केलेला जिवाणू त्यानं बाहेर निघतही नाही. दुसरा म्हणाला, कॉपर ऑक्सिक्लोराईड सोडा. पोषणद्रावणात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, फवारणीच्या मात्रेत ते त्याच्या हजारो पट असतं. मुळ्याच जळाल्या असत्या.

रोगट झाड बरं होत नाही. हे एकदा मान्य केलं की कामं सुचतात. पुनर्वापर त्याच दिवशी बंद. आजारी झाड आणि दोन्ही बाजूंची दोन-दोन झाडं, ड्रिपर बंद करून, बॅगेसकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर. उपटायची नाहीत, मुळं तुटली की रस सांडतो. सुमनमावशी बगलफूट (पानांच्या बगलेतले कोंब) काढायच्या त्या कात्रीसोबत अल्कोहोलची बाटली आली, प्रत्येक झाडानंतर बुचकळायची. पहिले दोन दिवस त्या कुरकुरल्या, मग मलाच दटावू लागल्या. टाकीवर पांढरं शेडनेट टाकलं. सगळी मिळून ६१ झाडं गेली.

हंगाम संपल्यावर टाकी आणि पाइप सोडियम हायपोक्लोराइटनं धुतले. पाण्याचा पीएच ६.५ च्या आसपास ठेवून, कारण जास्त पीएचला क्लोरीनचा जोर उतरतो. पाण्यातले जिवाणू मारायला यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा घेणार होतो. पण आमचा निचरा कोकोपीटमुळे बिनदुधाच्या चहासारखा. त्यातून यूव्ही पार जात नाही. आधी गाळणी नीट करायला हवी. तोवर उन्हाळ्यात निचरा टाकीत परत जात नाही. क्लोरीन देऊन, ते उडून गेल्यावर, नेपिअर गवताला जातो. आता कुणी पाण्याबद्दल विचारलं की मी जरा हळू बोलतो.

यंदा २०० रोपं वांग्याच्या खुंटावर कलम केलेली, म्हणजे खाली मुळं वांग्याची आणि वर टोमॅटो अशी, लावलीत. तैवानच्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरनं याच मरेसाठी असे खुंट सुचवले आहेत. रोप महाग पडतं, त्यामुळे सगळीकडे लावायची हिंमत अजून झालेली नाही.

काल दुपारी पुन्हा चौथ्या ओळीत एक झाड मलूल दिसलं. ग्लास घेऊन धावलो, फांदी कापली, दहा मिनिटं धरून बसलो. पाणी स्वच्छच. मग खाली वाकून पाहिलं, ड्रिपर चोंदला होता.