गेज काउंटीतील १६० एकर : नेब्रास्कातील एका दिवसाची भटकंती

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याची राजधानी लिंकन; तिथून महामार्ग ७७ ने दक्षिणेकडे निघाले, की साधारण ६५ किलोमीटरवर गेज काउंटीचे (जिल्ह्याचे) मुख्य ठिकाण असलेले बिॲट्रिस लागते. नावाचा उच्चार करताना जोर ‘ॲट’वर द्यावा; मी तो पहिल्या अक्षरावर दिला, तेव्हा पेट्रोलपंपावरच्या मुलीने हसून दुरुस्त केला. गावाच्या पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

२० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार, जो माणूस १६० एकर सरकारी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे ती कसेल, त्याला एकूण १८ डॉलर शुल्कात ती आपल्या नावावर करून घेता येत असे. कायदा अमलात आला त्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी १८६३ ला, ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत अगदी पहिल्या अर्जदारांत डॅनियल फ्रीमन हा होता. मध्यरात्र उलटताच त्याने कारकुनाकडून कचेरी उघडवून घेतली, असे सांगतात. दंतकथा म्हणून ती गोड आहे, त्याहून अधिक वजन मी तिला देणार नाही. उद्यान उभे आहे ते त्याच्याच शेतावर. नकाशात या शेताचा आकार ‘टी’ अक्षरासारखा दिसतो, कारण त्याने चौकोनी तुकडा न घेता कब क्रीक ओढ्याचे पाणी आणि काठची झाडे पदरात पडतील असे तुकडे जोडून घेतले. उघड्या माळरानावर लाकूड आणि पाणी म्हणजे काय, हे ओढ्याकाठी उभे राहिल्यावर लगेच उमगते.

संग्रहालयाचे छत नांगराच्या फाळासारखे उचललेले आहे, आणि प्रवेशमार्गावर राज्यांच्या आकाराच्या धातूच्या पाट्या ओळीने उभ्या आहेत. प्रत्येक पाटीत पडलेले चौकोनी छिद्र त्या राज्यातील किती भूमी या कायद्याने वाटली गेली ते दाखवते. नेब्रास्काच्या पाटीतून जवळजवळ निम्मे आभाळ दिसते. आकडा ४५ टक्के आहे.

माझ्या मते खरा वेळ द्यावा तो १८६७ च्या पामर-एपार्ड घराला. अवघ्या १४ बाय १६ फुटांच्या या लाकडी खोलीत पामर दांपत्य दहा मुलांसह राहत असे. मी आत उभा असताना अजून तिघे पाहुणे आले, आणि आम्हाला एकमेकांना वाट द्यावी लागली.

ही जमीन ‘रिकामी’ मात्र नव्हती. ओटो आणि मिझूरिया या मूळ रहिवासी जमातींच्या लोकांनी अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या करारात आपला मोठा प्रदेश सोडला, तेव्हा त्यांच्यासाठी बिग ब्लू नदीकाठी राखीव क्षेत्र ठरले. तेही हळूहळू विकले गेले आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. काउंटीच्या दक्षिणेला असलेले बार्न्स्टन त्याच भागात वसले आहे. फ्रीमनचे शेत पाहून झाल्यावर तिकडे गाडी वळवलीच पाहिजे, एरवी अर्धाच इतिहास पाहून परतल्यासारखे होते.

आता सोयीच्या गोष्टी. भाड्याची गाडी असेल तरच जावे. मुरमाच्या रस्त्यांवर धुरळा फार उडतो, पण बहुतेक रस्ते मैलामैलावर काटकोनात छेदत असल्याने चुकायला होत नाही. उद्यानातील सुमारे १०० एकर माळ १९३९ पासून मूळच्या गवताने पुन्हा लावला आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात बिग ब्लूस्टेम गवत डोक्यावर जाते, म्हणून तेव्हाच जावे. त्या गवतात गोचिड्या असतात. मी सँडल घालून फिरलो आणि रात्री पोटरीवरून दोन काढल्या; तुम्ही लांब पँट आणि मोजे घाला. डब्यात दुपारचे जेवण आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्याशिवाय बिॲट्रिस सोडू नका. परतताना वाट थोडी वाकडी करून फिली गावाजवळचा १८७४ चा चुनखडीचा गोठा बाहेरून तरी पाहून घ्या. संध्याकाळच्या उन्हात त्याचे दगड पिवळे धमक दिसतात.