भाचीला सेसिल टेलर ऐकवताना

"मामा, तू रात्री ऐकतोस तो पियानोवाला मलाही ऐकव," असं भाची म्हणाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि जबाबदारीही वाटली. पियानोवाला म्हणजे न्यूयॉर्कचा सेसिल टेलर (१९२९–२०१८), फ्री जॅझच्या, म्हणजे ठरलेल्या ठेक्या-चालींतून मोकळ्या झालेल्या जॅझच्या, पहिल्या शिलेदारांपैकी एक. त्याचं भलतंच काही आधी कानावर पडलं, तर माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. भाची पंचवटीत तबला शिकते, हात तयार आहे, पण जॅझ तिने जवळजवळ ऐकलेलंच नव्हतं.

सुरुवात 'जॅझ अ‍ॅडव्हान्स'ने केली, १९५६चा त्याचा पहिला अल्बम. त्यातला पहिलाच ट्रॅक 'बेम्शा स्विंग', मूळ चाल जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंकच्या नावाशी जोडलेली. इथे बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स लय धरून ठेवतात, त्यामुळे पियानो तिला कुठे कुठे धक्के देतो ते नीट कळतं. गंगापूर रोडच्या आमच्या घरी मुद्दाम स्पीकरवर लावलं होतं. ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. मध्येच म्हणाली, "हा सम चुकवत नाहीये, लपवतोय." मग मी समजावून सांगायचं म्हणून जे ठरवलं होतं, ते सगळं सोडून दिलं.

त्यानंतर थेट १९७४, स्वित्झर्लंडच्या माँत्रो जॅझ महोत्सवातलं 'सायलेंट टंग्ज'. एकट्याचा पियानो. मुख्य रचना लांबलचक आहे, म्हणून शेवटी वाजवलेले दोन छोटे तुकडे आधी ऐकवले आणि मग मुख्य रचनेकडे वळलो. खर्जात एक छोटी आकृती पडते, वरच्या सप्तकातून तिला उत्तर येतं, मग तीच आकृती मोडून, उलटून, वाढवून समोर येते. कायदा आणि पलटे, म्हणजे तबल्याची एक रचना आणि तिची बदलत जाणारी रूपं, रोज घोटणाऱ्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता 'कॉन्क्विस्टाडोर!'. नवख्याला टेलरचा एकच अल्बम द्यायचा असेल तर माझ्या मते हाच. १९६६ मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेल्या दोनच रचना, प्रत्येकी अठरा-एकोणीस मिनिटांच्या. सहा वादक, त्यांत बास दोन: हेन्री ग्राइम्स आणि अ‍ॅलन सिल्वा. सिल्वा गजाने वाजवतो तेव्हा तो बास आहे हे पटायला वेळ लागतो. अँड्र्यू सिरिलच्या ड्रम्सवर ठरलेला ठेका नाही, तरी गती क्षणभरही सुटत नाही. एवढी गर्दी एकदम कानात मावत नाही. म्हणून भाचीला सांगितलं, पहिल्या वेळी फक्त जिमी लायन्सचा सॅक्सोफोन धर. त्याचे फ्रेजेस जुना सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या घराण्यातले, बोट धरून चालता येतं. दुसऱ्या वेळी बिल डिक्सनचा ट्रंपेट ऐक, मोजके सूर, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत टेलर काय काय पेरतो ते पाहा. तिने विचारलं, "हा साथ करतोय की जुगलबंदी?" दोन्ही. सोलो चालू असताना टेलर मागे सरत नाही. वाजवणाऱ्याला सतत नवं खाद्य देत राहतो, आणि मला त्याची ही उदारता फार आवडते.

त्याच वर्षीचं 'युनिट स्ट्रक्चर्स' अनेक जण पहिलं सुचवतात. मोठं काम आहे, पण फार दाट. ते मी मागे ठेवलंय, कारण भाचीचा प्रश्न आता वेगळा आहे: ठेका सुटला कसा? त्यासाठी कोपनहेगनच्या कॅफे माँमार्त्रमधलं १९६२चं रेकॉर्डिंग हवं. पियानो, लायन्स आणि सनी मरेचे ड्रम्स, बास नाहीच. येत्या रविवारी ते लावणार आहोत.