आळंदीतलं भजन, माईकशिवाय

विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. मुलं माधुकरी मागून राहायची, ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकायची, टाळ घेऊन भजनाला उभी राहायची. समोर ध्वनिक्षेपक नसायचा. मग चोवीस-पंचवीस टाळांच्या कल्लोळातून अभंगाचा शब्द मंडपाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत जायचा कसा?

कार्तिकातल्या एका सकाळी याचं उत्तर कामातूनच मिळालं. आळंदीतल्या एका धर्मशाळेच्या मंडपात जुन्या रीतीच्या भजनाचं माझं ध्वनिमुद्रण होतं. चोवीस टाळकरी, सगळे विद्यार्थी. एक मृदंगी, एक विणेकरी. पेटी मुद्दाम नव्हती. पायी दिंडीत वीणा, टाळ आणि मृदंग एवढ्यावरच भागतं, तेच इथे हवं होतं. सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, उंच सूर.

पहिल्या खेपेला मुलांना श्रोत्यांकडे तोंड करून अर्धवर्तुळात उभं केलं, तीन-तीन जणांमागे एक माईक लावला आणि मंडपातले कर्णेही चालू ठेवले. रूपाचा अभंग, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा, सुरू झाला आणि दुसऱ्या चरणापर्यंत सगळं बिघडलं. टाळाचा ठोका एक न येता फाटून येत होता, शब्द तर कळतच नव्हते.

कारण साधं आहे. मृदंग अर्धवर्तुळाच्या एका टोकाला होता, शेवटचा टाळकरी तिथून अकरा मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे त्याला मृदंग ३२ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. कर्णा अठरा मीटरवर असेल तर तोच ठोका ५३ मिलिसेकंदांनी पुन्हा कानावर आदळतो. संथ लयीत हे खपून जातं. लय मिनिटाला १६० मात्रांवर गेली की एक मात्रा जेमतेम ३७५ मिलिसेकंदांची उरते आणि तेवढा फरक कानाला टोचतो. मागे पडलेला पोरगा गाठायला धावतो, शेजारचा त्याच्यामागे, आणि लय चढत जाते. त्यात कांशाच्या टाळाचा झणत्कार वरच्या पट्टीतला असतो. स, श, त, ट ही व्यंजनं ओळखू येतात तीही तिथेच. स्वर ऐकू येतो, शब्द बुडतो.

मृदंग गळ्यात घेऊन उभे असलेले बुवा म्हणाले, “माउली, आधी ते कर्णे बंद करा. आणि मुलांना एकमेकांचे पाय दिसू द्यात.”

मग बारा-बाराच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये दोन मीटर जागा. मृदंग ओळींच्या मधोमध, विणेकरी टोकाला. ओळ नऊ मीटरची, पण मृदंगापासून सगळ्यात लांबचा माणूस आता साडेचार मीटरवर आला आणि उशीर १३ मिलिसेकंदांवर. याहून मोठा फायदा डोळ्यांचा. समोरच्याचा छातीपाशी धरलेला टाळ आणि पडणारं पाऊल त्याच क्षणी दिसतं, तिथे आवाजाची वाट पाहावी लागत नाही. ठोक्यावर पावलं टाकत भजन म्हणायचं, त्या पावलीला आपण नाच समजतो. माझ्या मते ती आधी लय धरण्याची युक्ती आहे. दिंडी चालते तेव्हा शे-दीडशे माणसांना एका ठोक्यावर ठेवणारं दुसरं काय असतं?

शब्दांचा प्रश्न टाळ दाबून सुटतो. चरण उचलताना चाल धरणारे चौघेच गातात आणि बाकीचे टाळ बंद ठेवून हलका ठोका देतात. चरण समोरच्या ओळीने झेलला की धृपदावर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीवर, टाळ खुले. एक ओळ गाते तेव्हा दुसरी श्वास घेते, म्हणूनच काळी चारमध्ये दोन-दोन तास भजन चालतं आणि गळे बसत नाहीत. शब्द एकदा दबलेल्या टाळावर ऐकलेला असतो, मग तो कल्लोळातही ओळखू येतो.

अडखळलं ते एका वेगळ्याच जागी. धृपदाचं शेवटचं अक्षर काही मुलं लांबवत होती, काही तोडत होती. घरून आणलेल्या चाली वेगळ्या. वासकरांसारख्या फडांच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांच्या, चाली पिढ्यान्‌पिढ्या फडातच चालत आल्या आहेत. वेगवेगळ्या गावांची मुलं एका छताखाली भजनाला उभी करायची, तर एक चाल ठरवणं हे पहिलं काम. बुवांनी ते अक्षर दोन मात्रांवर तोडायला लावलं आणि दहा वेळा तेवढंच घोटून घेतलं.

तासाभरात मृदंगाच्या डाव्या तोंडावरची कणीक वाळली, घुमारा गेला. ती खरवडून नवी लावली. तोवर मंडपात ऊन आलं होतं आणि उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, सुरात चढली होती. पुडीच्या कडेच्या वेणीवर, म्हणजे गजऱ्यावर, खालून ठोके देऊन ती विण्याच्या सुरावर उतरवली. या दोन्ही गोष्टींना पंधरा मिनिटं द्यावीच लागतात, घाई केली की पुढचं सगळं बेसूर.

शेवटच्या मुद्रणाला माईकची एकच जोडी ठेवली. ओळींच्या मोकळ्या टोकापासून तीन मीटर लांब आणि तीन मीटर उंच, म्हणजे कुठलाच टाळ तिला फार जवळचा नाही. मुद्रणाची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. लय ६६ मात्रांवर सुरू झाली, १७० वर पोहोचली, ठोका कुठेही फाटला नाही.

थांबवताना माझ्या हाताच्या खुणेकडे कोणी पाहिलंच नाही. बुवांनी कोपऱ्यातली काठी उचलून वर धरली. पालखीच्या तळावर समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, शिस्त राखणाऱ्या चोपदाराने दंड उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात आणि चोपदार तिकडे जातो. इथे चोवीस टाळ एका ठोक्यावर बंद झाले. मागे मंडपाचा घुमारा दोन सेकंद राहिला आणि त्याखाली विण्याची तार. ती दोन सेकंदं मी कापलेली नाहीत.