सुपर लीग, बेल्जियम आणि खालून वर येणारी वाट

१८ एप्रिल २०२१ च्या रात्री इंग्लंड, स्पेन आणि इटलीतील बारा बड्या फुटबॉल क्लबांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ची घोषणा केली आणि पाठीराख्यांच्या संतापामुळे सहाही इंग्लिश क्लब दोन दिवसांतच त्यातून बाहेर पडले. त्या योजनेत पैशांची हाव होतीच, पण मला सर्वांत जास्त खटकली ती वेगळीच गोष्ट : वीस संघांपैकी पंधरांची जागा कायमची राखीव असणार होती. शेवटचा क्रमांक आला तरी ज्याला खालच्या श्रेणीत जावे लागत नाही, त्याच्या हरण्याला काय अर्थ उरतो?

खालून येणारी वाट बुजली की काय होते, हे गोव्याने सोसले आहे. आयएसएलला (इंडियन सुपर लीग) देशाची सर्वोच्च लीग करण्याच्या योजनेत आपल्याला वर जाण्याचा मार्गच नाही, हे दिसल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही जुने क्लब २०१६ मध्ये तेव्हाच्या सर्वोच्च आय-लीगमधून बाहेर पडले. यांपैकी धेंपोने राष्ट्रीय जेतेपद पाच वेळा मिळवलेले होते.

युरोपात मात्र प्रश्न सुपर लीगपुरता उरलेला नाही. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने नव्या स्पर्धांना पूर्वपरवानगी देण्याचे फिफा (जागतिक) आणि युएफा (युरोपीय) या फुटबॉल संघटनांचे नियम मक्तेदारी रोखणाऱ्या स्पर्धा कायद्याशी विसंगत ठरवले. अर्थात सुपर लीगला मान्यता द्यावीच, असे न्यायालयाने म्हटले नाही. दरम्यान, २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, ३२ ऐवजी ३६ संघ आले आणि प्रत्येकाचे पहिल्या टप्प्यातील सामने सहावरून आठ झाले. या स्पर्धांतून मिळणारी रक्कम जर्मनी-इंग्लंडसारख्या देशांत मुरून जाते, पण लहान देशात एकाच क्लबच्या हाती आली की तिथल्या लीगमधली चुरसच संपते. बल्गेरियातील लुडोगोरेट्सने २०१२ ते २०२५ या काळात लागोपाठ १४ जेतेपदे मिळवली. त्यामागे मालकाची श्रीमंती आहे, तशीच युरोपीय स्पर्धांतून वर्षानुवर्षे येणारी मिळकतही आहे.

म्हणूनच शेजारी देशांनी आपल्या लीग एकत्र कराव्यात, या कल्पनेकडे मी सहानुभूतीने पाहतो. बाजारपेठ मोठी झाली की प्रक्षेपण हक्कांचा भाव वाढतो आणि चांगला खेळाडू विसाव्या वर्षीच इंग्लंडला विकण्याची घाई थोडी तरी कमी होते. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या आयॅक्सने चॅम्पियन्स लीग जिंकली. १९९६ मध्ये तोच संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, पण त्यानंतर एकाही डच क्लबला ती फेरी गाठता आलेली नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी महिलांची संयुक्त लीग २०१२ ते २०१५ अशी तीन हंगाम चालवलीही होती आणि मार्च २०२१ मध्ये बेल्जियमच्या व्यावसायिक क्लबांनी पुरुषांच्या संयुक्त लीगला तत्त्वतः पाठिंबा दिला होता.

माझी अडचण इथेच सुरू होते. त्याच २०२०-२१ च्या हंगामात ब्रुसेल्समधील युनियॉन सेंट-जिलॉइस हा जुना क्लब तब्बल ४८ वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतत होता. संयुक्त लीग तेव्हाच नामवंत क्लबांना घेऊन उभी राहिली असती आणि तिचे दार बंद ठेवले असते, तर युनियॉनची आठवण कोणाला झाली असती? प्रत्यक्षात त्यांनी २०२५ मध्ये बेल्जियमचे जेतेपद मिळवले, १९३५ नंतर पहिल्यांदाच, आणि पुढच्या हंगामात ते चॅम्पियन्स लीग खेळले. त्यामुळे संयुक्त लीगच्या कोणत्याही मसुद्यात मी सर्वांत आधी एकच कलम शोधेन : दरवर्षी किती संघ खाली जाणार आणि दोन्ही देशांच्या खालच्या श्रेणीतून किती वर येणार. ही संख्या शून्य किंवा एक असेल, तर प्रक्षेपणाचे कितीही पैसे मिळोत, मी त्या मसुद्याच्या विरोधात असेन.