बोकड बारा महिने कळपात नको : आमच्या शेळ्यांचा हंगाम बसवताना

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या अलीकडे. सगळी जिरायत. सासऱ्यांच्या वेळेपासून दारात उस्मानाबादी शेळ्या आहेत. मिस्टर रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात, त्यामुळे शेळ्यांचं सगळं सासूबाईंकडे आणि माझ्याकडे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. कळप चाळिशीला टेकेपर्यंत आमची पद्धत गावातल्या सगळ्यांसारखीच होती. बोकड बारा महिने कळपात मोकळा, शेळी माजावर आली की तो भरवतो, पाच महिन्यांनी व्यायची. कधी व्यायची ते शेळीलाच ठाऊक.

दहा शेळ्यांना हे चालतं. चाळीस झाल्या की वर्षभर गोठ्यात कोणीतरी गाभण, कोणीतरी ओली म्हणजे नुकती व्यालेली आणि कोणाचं तरी करडू हगवणीनं आडवं पडलेलं. त्यातून जुलै-ऑगस्टची करडं तर हातची जायची. खालून ओल, वरून गार वारा, दोन दिवसांत छाती भरते. विकायच्या वेळी आणखी एक रड. दारात आलेल्या व्यापाऱ्याला एका मापाचे आठ-दहा बोकड हवे असतात आणि आमच्याकडे एक पंधरा किलोचा, एक बावीसचा, एक नुकता दूध तुटलेला. मग तो सगळा लॉट अंदाजाने, पडत्या भावात मागणार.

खरा हिशोब मला बकरी ईदने शिकवला. पुण्यातल्या कोंढव्याहून आणि कॅम्पातून येणारी गिऱ्हाईकं आधी जबडा उघडून बघतात. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा झालेला लागतो, आणि दुधाचे दात पडून पुढचे दोन कायमचे आले की ते वर्ष पुरं झाल्याचं धरतात. बोकड दिसायला कितीही भरलेला असू दे, दोन दात नसले की गिऱ्हाईक दोरी सोडतं. आता बोकड दोनदाती व्हायला साधारण तेरा-चौदा महिने, कधी जास्तही लागतात. त्याच्या मागे पाच महिने गाभणकाळ. म्हणजे ईदच्या दीडेक वर्ष आधी शेळी भरवलेली पाहिजे. आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2023 ला 29 जूनला होती, 2024 ला 17 जूनला, 2025 ला 7 जूनला. पावसाळा काही सरकत नाही. या दोघांचा मेळ घालायचा तर शेळ्या कधी भरायच्या हे बोकडावर सोडून चालणार नव्हतं.

कागदावर मांडून बघितलं. प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, दोन वर्षांत तीन वेतं घ्या, म्हणजे दर आठ महिन्यांनी एक. ऐकायला छान आहे. पण ऑक्टोबरात व्यालेली शेळी आठ महिन्यांनी व्याली तर जून येतो, ऐन पावसाच्या तोंडावर. पुढचं वेत फेब्रुवारीत, मग परत ऑक्टोबर. तीन वेतांतलं एक कायम चिखलात. पक्का, फटीच्या फळ्यांचा उंच स्लॅटचा गोठा असलेल्याला ते परवडत असेल, आमच्या पत्र्याच्या छपराला नाही. मी ते जूनचं वेत सोडून दिलं. ठरवलं की भरवायचे दोनच हंगाम : मे-जूनमध्ये भरवल्या की ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्यायच्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भरवल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये. एका शेळीला वर्षाला एकच वेत. मात्र मेमध्ये न राहिलेली शेळी पुढचं वर्षभर भाकड बसत नाही, सप्टेंबरच्या गटात जाते.

आत्यांना हे अजिबात पटलं नाही. “आगं, शेळीला कॅलेंडर कळतंय व्हय?” म्हणाल्या. आणि चहाला दूध कुठून आणणार, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्यात तथ्य होतं. म्हणून चहापुरत्या दोन शेळ्या या सगळ्याच्या बाहेर ठेवल्या, त्या कधीही व्याव्यात.

2023 च्या एप्रिलात बोकड हलवला. नुसता वेगळा बांधून भागत नाही, त्याचा वासही यायला नको. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या दिरांच्या वस्तीवर नेला. जाऊबाईंनी चार दिवसांत निरोप धाडला, “ह्याच्या वासानं जेवण जाईना.” त्यांची समजूत काढणं हेच या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम होतं असं मी आजही म्हणेन. पण तीन-चार आठवडे शेळ्यांना बोकड दिसला नाही, त्याचा वास आला नाही, आणि मग एकदम कळपात आणला, की बऱ्याचशा शेळ्या आठवडा-दहा दिवसांत माजावर येतात. जनावरांच्या डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, तरी डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास नव्हता.

तोवर शेळ्यांची तयारी चालू होती. जंताचं औषध बोकड येण्याआधीच देऊन टाकलं, कारण अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाही. भरवायच्या आधी तीन आठवडे अंग चढतं ठेवलं की बीजं जास्त सुटतात, जुळ्यांची शक्यता वाढते. मेमध्ये आमच्याकडे हिरवं कुठलं? बाभळीच्या शेंगा, हरभऱ्याचं भुसकट आणि प्रत्येकीला पाव किलोच्या आत मक्याचा भरडा, एवढ्यावर भागवलं. हाडं दिसणाऱ्या शेळ्या मात्र तीन आठवड्यांत सुधारत नाहीत. त्यांना मी त्या हंगामात भरवलंच नाही.

शेळी कधी भरली ते कळायला साधी युक्ती आहे. बोकडाच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधे, तेलात कालवलेला रंग लावायचा. तो चढला की शेळीच्या पाठीच्या शेवटाला, माकडहाडापाशी डाग उमटतो. सगळे गेरू लावा म्हणतात. पण आमच्या शेळ्या कोळशासारख्या काळ्या, त्यांच्यावर गेरू दिसतच नाही. आम्ही पिवळा रंग घेतला. दर दोन दिवसांनी सकाळी नवा हात द्यायचा, नाहीतर वाळून पापुद्रे निघतात. संध्याकाळी शेळ्या चरून आल्या की मी दारात वही घेऊन बसायची आणि डाग दिसेल तिचा बिल्ला नंबर लिहायची. शेळीचा माज दर एकवीस दिवसांनी येतो, म्हणून अठराव्या दिवसाच्या आसपास रंग बदलून पांढरा केला. पिवळ्यावर पांढरा चढला म्हणजे ती उलटली, गाभण न राहता परत माजावर आली. पांढरा नाहीच आला तर बहुतेक गाभण.

एक गोष्ट मात्र चक्रावून टाकणारी झाली. काही शेळ्यांवर आठवड्याच्या आतच दुसरा ताजा डाग. मला वाटलं बोकडातच खोट आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका ताई, बोकड अचानक आल्यावर येणारा पहिला माज कधीकधी पोकळ असतो, पाच-सात दिवसांनी त्या परत येतात आणि तेव्हा राहतात. तसंच झालं.

दोन माज पुरे होतील इतके दिवस, म्हणजे दीडेक महिना, बोकड ठेवला आणि परत दिरांकडे. एका बोकडाला वीस-पंचवीस शेळ्या बस झाल्या. त्यापुढे तो दमतो आणि मागच्या शेळ्या रिकाम्या राहतात. म्हणून दोन गट पाडले ते त्या दृष्टीनेही बरंच झालं. पुढे डॉक्टरांनी छोट्या सोनोग्राफी मशीनवर तपासल्या. वहीतला अंदाज आणि मशीन यांत थोडाच फरक निघाला.

शेवटच्या दीड महिन्यात पोटातली करडं झपाट्याने वाढतात, तेव्हा खुराक वाढवला, आणि व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस दिली. मग ऑक्टोबर उजाडला. एका हंगामात भरवल्या म्हणजे एका हंगामात वितात, हे कागदावर सोपं वाटतं. एका रात्रीत चार शेळ्या व्याल्या, त्यात तिघींना जुळी, आणि एकीने दुसरीचं करडू चाटायला घेतलं. मग मी नियमच केला : नाळेला आयोडीन, तासाभरात चीक पोटात आणि लगेच करडाच्या पाठीवर आईचा नंबर. जार बारा तासांत पडला नाही तर ओढायचा नाही, डॉक्टरांना फोन. दिवाळी आम्ही गोठ्यातच केली म्हणा ना. त्या गडबडीत आत्यांनीच खरा गोठा सांभाळला. कोणती शेळी आज विणार हे त्या कास आणि शेपटीजवळचे खड्डे बघून सांगायच्या, आणि ते माझ्या वहीपेक्षा जास्त बरोबर यायचं.

नर करडं चौथ्या महिन्यात वेगळी केली. ती लहान दिसतात, पण आया-बहिणींवर चढायला लागतात. त्यातले मध्यम सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर खाटकाला वजनावर दिले, आता एका मापाचे असल्यामुळे भावात घासाघीस कमी झाली. उरलेले उंच, बिनव्यंगाचे बोकड ठेवले. 2025 च्या ईदला ते दीड वर्षांचे, सगळे दोनदाती होते. करडांची एकूण संख्या आधीपेक्षा कमी भरली, हे आत्या मला अजूनही ऐकवतात. विकायपर्यंत जगलेली मोजा म्हटलं की विषय बदलतात.

बोकडही बदलला. जुन्याच्या पाटी, म्हणजे त्याच्यापासून झालेल्या माद्या, भरवायच्या वयाच्या होत आल्या होत्या, आणि बापलेकीचा संबंध आला की करडं बारकी, कमजोर निघतात. नवा बोकड मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावरून आणला. जुना शेजारच्या गावातल्या एकाशी अदलाबदल करावा असं आधी मनात होतं, पण त्यांच्याकडे मध्यंतरी शेळ्या गाभटल्या होत्या, म्हणजे त्यांचे गर्भ पडले होते. ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या संसर्गाची, तपासणी झाल्याशिवाय तिकडचं जनावर दारात नको म्हटलं.

आता वाद आहे तो आत्यांच्या लाडक्या शेळीवर. लागोपाठ दोन्ही हंगामांत ती उलटली. माझ्या वहीच्या हिशोबाने तिला बाजार दाखवायला हवा. आत्या म्हणतात तिला चहाच्या गटात घाल. पण चहाला दूध द्यायचं तरी आधी व्यावं लागतं, हे त्यांना सांगायचं कोणी? येत्या सप्टेंबरात एक संधी द्यायची, असं सध्या ठरलंय.