पुण्यात तीन महिने, पहिले दोन आठवडे दोन किलोमीटरांत

मुलगी दत्तक घ्यायला न्यू जर्सीहून पुण्याला तीन महिन्यांसाठी आलो. पहिले दोन आठवडे ती राहत होती त्या संस्थेपासून दोन किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. मुलगी आठ वर्षांची. तिचं नाव, फोटो, संस्थेचा पत्ता यांतलं काही इथे सापडणार नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ तसंच सांगतं, आणि तिची गोष्ट सांगायचा हक्क तिचाच.

कागदांचं थोडक्यात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्यालाही परदेशी दत्तकासाठीच्या १९९३च्या हेग कराराच्याच वाटेने जावं लागतं: तिथली मान्यताप्राप्त एजन्सी, गृह अध्ययन अहवाल (म्हणजे आपल्या घराची, कुटुंबाची पाहणी), मग 'कारा'चं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं, ना हरकत प्रमाणपत्र. १ सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. ना हरकत मिळाल्यावर आदेश येईपर्यंत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्याकडे ठेवता येतं, पण भारतातच. मूल मोठं असेल तर ही सोय सोडू नका. भेटायचं, लळा लावायचा आणि "दोन महिन्यांनी येतो हं" म्हणून विमानात बसायचं, हे तिच्या दृष्टीने जुनंच असतं. असं सांगून गेलेली माणसं तिने आधी पाहिलेली असतात.

राहायला हॉटेल नको. स्वयंपाकघर असलेला भाड्याचा फ्लॅट घ्या, शक्यतो पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टची भीती हा आणखी एक विषय कशाला!

यायच्या आधी व्हिडिओ कॉल पंधरा-वीस मिनिटांचेच ठेवावेत आणि दहा-बारा पानांचा अल्बम मराठीत लिहून पाठवावा. घराचं दार, तिची खाट, संडास-बाथरूम, शाळेची पिवळी बस, अंगणातला बर्फ. डिस्नेलँड टाकू नका. मूल सहलीला 'हो' म्हणतं आणि ती संमती समजली जाते. तिला स्पष्ट विचारलं पाहिजे: विमानाने जायचं, तिथेच राहायचं, इथल्या मैत्रिणी रोज भेटणार नाहीत, चालेल?

पहिली भेट पाऊण तासाची, संस्थेतच, सतरंजीवर बसून. सोबत पत्ते किंवा सागरगोटे घ्या आणि तिला शिकवू द्या. मोठ्या माणसाला सागरगोटे झेलता येत नाहीत, यासारखी मजा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्धा दिवस बाहेर, मग एक पूर्ण दिवस, मग मुक्काम. संस्थेतल्या मावशींना विचारायच्या गोष्टी लिहूनच न्या: कोणत्या कुशीवर झोपते, दिवा चालू लागतो का, कशाला घाबरते, रडली की काय करता. तिची चादर मागून घ्या आणि महिनाभर धुऊ नका, वास हवा असतो. निरोप मावशींनी स्वतः द्यावा, "जा बाळा, मला आवडेल" या शब्दांत. चोरून नेल्यासारखं नेलेलं मूल मागे वळून बघत राहतं.

घरी आल्यावर पहिला आठवडाभर मुलं फार शहाणी वागतात. ताट स्वतः घासतात, आल्यागेल्या प्रत्येकाला 'काका', 'मावशी' म्हणून बिलगतात. नातेवाईक खूश होतात, "किती लवकर रुळली!" ही रुळल्याची खूण नव्हे. कोण आपलं हे अजून ठरलेलं नसतं, म्हणून सगळेच सारखे. म्हणून तीन आठवडे आजी-आत्यांना फोनवरच थांबवा. पुण्यात हे काम जिल्हाधिकारी कार्यालयापेक्षा अवघड! जेवायला वाढणं, न्हायला घालणं, झोपवणं फक्त आई-बाबांनी. बाकीच्यांना लांबून नमस्कार.

उशीखाली पोळी सापडेल. रागावू नका, काढूनही घेऊ नका. झाकणाचा एक स्टीलचा डबा तिचा म्हणून ठेवा: दोन पोळ्या, एक लाडू, थोडे शेंगदाणे. तिच्या हाताला लागेल असा, आणि रोज रात्री तिच्यासमोर भरायचा. साधारण तिसऱ्या आठवड्यात डबा सकाळी भरलेलाच परत मिळायला लागला. ताटात मात्र पहिल्यांदा थोडंच वाढा आणि पुन्हा वाढणार हे आधी सांगा, नाहीतर उलटी ठरलेली.

स्पर्शासाठी आमच्या लेखी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. मूल पाठमोरं बसतं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, हात डोक्यावर असतो आणि काम पंधरा मिनिटांत संपणार हे त्याला ठाऊक असतं. बारीक दातांची फणी घ्या, उवा असणारच. पहिल्या दिवशी खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. तेल कोमट करा, ताटलीत आधी तिलाच बोट बुडवून बघू द्या आणि मधेच थांबून "बास का?" विचारा. तिने "बास" म्हटलं की खरंच बास. आपण नाही म्हटलं की माणूस थांबतं, हे तिला इथे कळतं.

आठव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास बांध फुटतो. "मला परत सोडा," चावणं, दार आपटणं. बहुधा आईलाच जास्त. परत पाठवण्याची धमकी थट्टेतही द्यायची नाही. खाली बसा, आवाज खाली ठेवा आणि म्हणा, "चिडलीस तरी आपण इथेच." बाबांकडे जाते म्हणून आईने रुसायचं नाही. डबा भरत राहायचं.

दोन आठवड्यांनंतर फिरायला सुरुवात, एका दिवशी एकच जागा. पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६पासून लहान मुलांना फिरवते आहे. फेरी छोटी, सुरुवात-शेवट डोळ्यांसमोर, त्यामुळे हीच पहिली. मग कात्रजचं प्राणिसंग्रहालय, बुधवार सोडून. तुळशीबाग मात्र चुकीची निवड. गर्दी, ओरडा, हजार वस्तू. पाचव्या मिनिटाला ती रस्त्यावर बसली आणि दोष आमचाच होता.

अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीला आम्ही मुंबईला डेक्कन क्वीनने गेलो. सकाळी ७.१५ला सुटते. घाटातल्या बोगद्यांत अचानक अंधार होतो, हे आधी सांगून ते मोजायचं काम तिच्याकडे दिलं. दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे. त्यात काही दिसलं तर थुंकीचे तीन नमुने आणि कल्चरसाठी आठ आठवडे. विमानाची तिकिटं आधी काढणारे इथे अडकतात. दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना लशींसाठी प्रतिज्ञापत्र देऊन सूट मिळते, लशी मग तिकडे गेल्यावर.

इंग्रजी घोकून घेऊ नका. पाणी, भूक, दुखतंय, थांब, संडास, एवढे शब्द पुरे. मराठी आई-बाबा असण्याचा फायदा हाच की रडताना तिला शब्द शोधावे लागत नाहीत.

पाठपुराव्याचे अहवाल दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा. तारखा फ्रिजवर लावा. आणि त्याच फ्रिजमध्ये पहिल्या आठवड्यात वरण-भात तयार ठेवा, कारण न्यू जर्सीत पहाटेचे तीन वाजलेले असताना तिच्या पोटात पुण्याची दुपार असते.